डबल बेल

माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, आठवड्यातून तीनदा डायलिसिस करावे लागते. प्रत्येक खेपेला चार तास धरले तर वर्षाचे ६२४ तास, म्हणजे पुरे २६ दिवस ते त्या यंत्राला जोडलेले असतात. हा हिशेब त्यांचाच आहे, कारण सारी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून केलेल्या माणसाला हिशेब जुळल्याखेरीज चैन पडत नाही, आणि तो मांडून झाल्यावर ते म्हणाले, "एवढी रजा मला नोकरीत कधी मंजूर झाली नव्हती."

मूत्रपिंडे निकामी झाली की प्यायलेले पाणी अंगातच साठते, म्हणून आधी वजन करतात आणि मागच्या खेपेपासून जेवढे वाढले असेल तेवढे पाणी यंत्राने काढून घेतात. काट्यावर उभे राहून अण्णा तंत्रज्ञाला सांगतात, "अडीच किलो लगेज जादा आहे, उतरवून घ्या." सुया टोचण्यासाठी त्यांच्या डाव्या हातातील रोहिणी आणि नीला जोडून फिस्च्युला केलेला आहे. त्यावर मी पहिल्यांदा बोट ठेवले तेव्हा आतली घरघर हाताला लागून मी दचकलेच. "इंजिन चालू आहे, घाबरू नकोस," ते म्हणाले, "बंद पडले तर घाबर." मी ते हसण्यावारी नेले. पुढे डॉक्टरांनीही हेच बजावले, की रोज हात लावून पाहा आणि थरथर थांबली तर तडक निघून या.

तेव्हापासून "विनोदाने दुःखाचा विसर पडतो" हे वाक्य मला पटेनासे झाले आहे. अण्णांना काहीही विसरायचे नसते. आपली अवस्था काय आहे हे त्या कक्षात त्यांच्याइतके नेमके क्वचितच कुणाला ठाऊक असेल, आणि ते नेमके ठाऊक असल्यामुळेच त्यांना ती हातभर दूर धरून पाहता येते. उलट भेटायला येणारी मंडळी "काही होत नाही हो, हसत राहायचं" असे सांगतात आणि सोबत शहाळे आणतात. आजाऱ्याला शहाळे नेणे ही आपली जुनी रीत. पण त्यातले पोटॅशियम निकामी मूत्रपिंडांना बाहेर टाकता येत नाही, ते रक्तात वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात. अण्णा शहाळे हातात घेऊन मान डोलावतात आणि पाहुणे गेल्यावर मला म्हणतात, "माणूस प्रेमळ आहे, पण याला सांग, मी अजून मृत्युपत्र केलेले नाही." (शहाळे अर्थातच मी पिते.)

दिवाळे निघाले ते बरे झाले, दुष्काळाने पीडा केली तीही बरी झाली, असे देवालाच सुनावणाऱ्या तुकोबांची अलीकडे मला वारंवार आठवण येते. १६३० च्या सुमाराच्या त्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा गेला होता. 'बरे झाले' हे शब्द त्यांच्या तोंडी आहेत म्हणून अंगावर काटा येतो. तेच एखाद्या सावकाराने किंवा धडधाकट शेजाऱ्याने म्हटले असते, तर तो निव्वळ निर्दयपणा ठरला असता. संकटाकडे कोणत्या अंतरावरून पाहायचे आणि त्यावर हसायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. बाहेरच्याने फार तर त्याने काढलेल्या विनोदाला दाद द्यावी.

हे मी आज शहाणपणाने लिहीत असले, तरी शिकले ते चुकूनच. यंत्र सुरू झाले की अण्णा तोंडाने "टिंग टिंग" अशी डबल बेल देतात आणि सगळा कक्ष हसतो. मागच्या महिन्यात एके दिवशी सुई नीट बसेना, तिसऱ्यांदा टोचावी लागली, हात काळानिळा पडला, आणि एकदाचे यंत्र सुरू झाले तरी ते गप्पच. वातावरण हलके करावे म्हणून मीच म्हटले, "अण्णा, डबल बेल राहिली की."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. मोकळ्या हाताचे एक बोट तेवढे वर केले आणि हळूच म्हणाले, "टिंग."

एसटीत एक बेल म्हणजे गाडी थांबवा. मी खुर्ची जवळ ओढली आणि उरलेले साडेतीन तास काही न बोलता बसून राहिले.