गाडी जॅकवर घेतली म्हणून स्प्रिंग मोकळी होत नाही

पुढची स्प्रिंग तुटली तर गॅरेजवाल्याच्या घशात पैसे घालू नका. जॅक, पान्यांचा सेट आणि स्प्रिंग दाबून धरणारे, ऑनलाइन मिळणारे दोन क्लॅम्प घ्या, तासाभरात घरीच बदला. अशा अर्थाचे मेसेज आणि व्हिडिओ पावसाळा सरत आला की हमखास फिरायला लागतात. घरी गाडीवर काम करणाऱ्यांच्या बाजूचाच मी आहे. ऑइल, ब्रेक पॅड, अगदी अख्खा शॉकअप गाडीतून सोडवून काढणंसुद्धा घरी जमतं. पण या मेसेजमधल्या एका वाक्यापायी एखाद्याचा जबडा फुटेल, म्हणून तेच आधी घेतो.

ते वाक्य असं, की चाक उचलून लोंबकळतं ठेवलं की स्प्रिंगवरचा भार गेला, आता वरचा नट बिनधास्त खोला. साफ चूक. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. मधोमध शॉकअप, त्याच्याभोवती स्प्रिंग, खाली तिची बैठक आणि वर गाडीच्या बॉडीला जोडणारं माउंटिंग. चाक उचललं की गाडीचं वजन जातं, पण बैठक आणि माउंटिंगच्या मध्ये स्प्रिंग दाबलेलीच राहते. तिला अडवून धरतो शॉकअपच्या दांड्यावरचा तो एकच नट. छोट्या हॅचबॅकची पुढची स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला साधारण 2 किलोचा जोर लागतो. समजा ती 80 मिलिमीटर दबलेली आहे, तर नटावर 160 किलोचा ताण आला. तो नट सुटला की जी ऊर्जा एका क्षणात बाहेर पडते, ती ताशी 100 किलोमीटरनं आलेल्या लेदर बॉलइतकी भरते. आणि इथे बॉल नसून लोखंडी माउंटिंग उडतं, तेही वाकून बघणाऱ्याच्या तोंडासमोरून.

क्लॅम्प असतातच की, असं त्यावर उत्तर येतं. असतात, पण ते लावणं हीच खरी कारागिरी आहे. दोन्ही क्लॅम्प बरोबर समोरासमोर हवेत, जमतील तितके वेढे त्यांच्या आकड्यांत, म्हणजे हुकांत, घेतलेले हवेत, आणि आवळायचे ते आळीपाळीनं, थोडे थोडे, हातपान्यानंच. एक बाजू पुढे गेली की स्प्रिंग पोट काढते आणि आकडा वेढ्यावरून तिरपा घसरायला लागतो. स्वस्त क्लॅम्पना घसरणीला अडवणारी पिनही बहुधा नसते. व्हिडिओत ते एअर गननं, म्हणजे हवेच्या दाबावर नट फिरवणाऱ्या यंत्रानं, आवळताना दाखवतात. कोरड्या आट्यांवर गन चालवली की आटे खरवडतात, आणि ते कधी सुटतील याचा भरवसा राहत नाही.

त्यातच दुसरी खोड. वरचा नट फिरवला की दांडाही सोबत फिरतो, म्हणून प्लायरनं दांडा पकडा, असा सल्ला देतात. दांड्यावरचं क्रोम एकदा ओरखडलं की तो ओरखडा प्रत्येक खड्ड्यात सील कापत राहतो आणि थोड्याच दिवसांत शॉकअप तेल गाळतो. दांड्याच्या डोक्यावर ॲलन कीसाठी भोक किंवा चपटे काप दिलेले असतात ते यासाठीच.

विटांवर गाडी टेकवण्याबद्दल फार बोलायला नको. वीट फुटते. जॅक स्टँड वापरा.

एकच स्प्रिंग बदला, जोडी ही गॅरेजवाल्याची लूट, हा दावा अर्धा खरा आहे. दुसरी बाजू अलीकडेच बदललेली असेल तर एकच चालेल. पण दोन्ही सारख्याच जुन्या असतील तर राहिलेली स्प्रिंग बसलेली असते, नवी उंच उभी राहते आणि गाडी कलते. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत दोन्हीकडे टेप लावून बघा, लगेच कळेल. शिवाय कोकणातल्या खाऱ्या हवेत किंवा चिखलाच्या रस्त्यांवर चाललेल्या गाडीत स्प्रिंग बहुतेकदा खालच्या वेढ्याशी तुटते, कारण बैठकीत माती साचून तिथलाच रंग आधी जातो आणि गंज धरतो. ती माती दुसऱ्या बाजूलाही साचलेली असतेच. आणि मागवताना पेट्रोल-डिझेल बघून मागवा. डिझेल इंजिन जड, त्यामुळे स्प्रिंगही बहुधा वेगळी.

तुटलेल्या स्प्रिंगेत रबरी बफर घालून वर्षभर चालवा, हा सल्ला मला सर्वांत जास्त खटकतो. बफर वेढ्यांमधलं अंतर राखतो, तुटलेलं टोक धरून ठेवत नाही. ते टोक बैठकीतून निसटलं तर टायरच्या बाजूच्या भिंतीला लागतं, आणि तिथे चिरलेला टायर हायवेवर सावरायला वेळ देत नाही.

बोल्टवर खुणा करून तसेच बसवले की अलाइनमेंट नको, असंही सांगतात. खुणा जरूर करा. अलाइनमेंटवाल्यापर्यंत गाडी नीट पोहोचेल. पण स्ट्रटच्या बोल्टांना भोकात थोडी जागा असते, आणि नव्या स्प्रिंगनं गाडी वर उचलली की कँबर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाचं तोंड किती आत-बाहेर वळलंय ते) दोन्ही हलतात. अलाइनमेंटचे काहीशे रुपये वाचवून टायरची एक कड खाऊन घेण्यात काय फायदा?

मग करायचं काय? स्ट्रट घरी काढा. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर आधी सोडवा, आणि बोल्ट निघाल्यावर नकल, म्हणजे चाकाचा हब धरणारा लोखंडी भाग, तारेनं बांधून ठेवा. तो बाहेर कलंडला तर ॲक्सलचा आतला जॉइंट निखळू शकतो. दोन्ही स्ट्रट घेऊन, भिंतीवर बसवलेला स्प्रिंग प्रेस असलेल्या गॅरेजात जा. तिथे फक्त स्प्रिंगा बदलून घ्यायच्या. वरचा नट नवा लावायला सांगा आणि माउंटिंगचं बेअरिंग हातानं फिरवून बघा. खरखरलं तर तेही बदला. निघण्याआधी स्प्रिंगचं टोक बैठकीतल्या खाचेला नीट टेकलंय का ते स्वतः वाकून पाहा, कारण ते चुकलेलं असेल तर स्टिअरिंग वळवताना टणकन आवाज येतो आणि सगळं पुन्हा खोलावं लागतं.