अक्षर ‘ण’ आलंय, नाव सुचवा

बाळाचं नाक कुणावर गेलंय हा वाद दोन दिवसांत मिटतो. मग गुरुजींचा मेसेज येतो, “हस्त, तिसरा चरण, अक्षर ण,” आणि बाळाने शिल्लक ठेवलेली झोपही उडते.

हिशेबात खोट नाही, हे मी मानतो. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणून 108 अक्षरं. जन्मवेळी चंद्र ज्या चरणात, त्याच्या अक्षराने नाव सुरू करायचं. चंद्र एक चरण साधारण सहा तासांत ओलांडतो. त्यामुळे सकाळच्या बाळाला ‘पू’ येऊन पुष्कर-पूर्वा असं मोकळं रान मिळतं, आणि त्याच रात्री शेजारच्या पाळण्यात ‘ण’ येऊन पडतो. ज्याने कोष्टक आखलं त्याला वर्णमाला संपवायची घाई होती. हाक मारायला कुणी उरेल का, हे पाहिलंच नाही. आर्द्रेत ‘ङ’, उत्तराभाद्रपदेत ‘ञ’. आश्लेषेला डी, डू, डे, डो. आणि पूर्वाषाढेचा चौथा चरण ‘ढ’, म्हणजे शाळेत घालायच्या आधीच निकाल!

पळवाट गुरुजींकडेच असते. ‘ण’ची रास कन्या, तिची अक्षरं प, ठ, ण, मग ‘प’ घ्या. किंवा नावरस नाव, म्हणजे नक्षत्राच्या अक्षराचं, पत्रिकेत राहू द्या आणि हाक दुसरी मारा. बारशाला ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने नावं लिहितात, त्यात देवतानाव, मासनाव, नक्षत्रनाव आणि व्यावहारिक नाव अशी चौघांची सोय आहे. मासनाव नुसतं महिन्यावरून ठरतं: फाल्गुनातला चक्री, कार्तिकातला पुंडरीकाक्ष. ते रोजच्या वापरात नसतं हे बरं. “पुंडरीकाक्षा, कॅच!” म्हणेपर्यंत चेंडू सीमापार.

बालीत ही कटकटच नाही. पहिलं वायन, दुसरं माडे, तिसरं न्योमान, चौथं केतुत. पाचवं झालं की पुन्हा वायन. मंगोलियात नाव ठेवतात नेरगुई, म्हणजे बिननावाचा, किंवा एनेबिश, म्हणजे ‘हा नव्हे’. वाईट शक्तींनी पत्ता चुकावा म्हणून. आपले दगडू, धोंडू त्याच युक्तीचे. नकुशीला मात्र ह्या रांगेत बसवू नका; तिथे कुणाला चकवायचं नव्हतं, मुलगीच नको होती. साताऱ्यात 2011 साली दोनशेहून अधिक नकुशींनी जाहीर समारंभात नवी नावं घेतली.

नेटवरच्या याद्यांचे अर्थ शब्दकोशात पडताळा. ‘आरव’पुढे तिथे ‘शांत’ लिहिलेलं सापडतं. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, आरडाओरडा. रात्री दोन वाजता कोणता अर्थ खरा ते कळतंच.

एवढं करून शेवटचा शब्द आत्याचा. ती कानात ‘कुर्रर्र’ करून काय बोलेल ते बोलेल, पाठीत धपाटे खाईल आणि साडी घेऊन जाईल.

जन्मदाखल्यावरच्या नावाची घाई करू नका. जन्माची नोंद 21 दिवसांत हवी. नाव मात्र नोंदणीपासून 12 महिन्यांत फुकट घालता येतं, पुढे विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. म्हणजे नववीपर्यंत ‘बाळ’ खपेल. तो वेळ स्पेलिंगवर घालवा, विशेषतः नावात ‘ज्ञ’ असेल तर. ज्ञानदाला डी-एन-वायने सुरुवात केली की पुण्यात चालतं, दिल्लीत काउंटरवरचा माणूस “डनायनाडा” पुकारतो. जी-वायने केली की दिल्ली खूश, आणि पत्र हातात घेऊन आजी विचारते, “ही ग्यानदा कोण गं?”