शेल्टर असताना तंबू कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: अ‍ॅपालाचियन ट्रेलवर, म्हणजे अमेरिकेतल्या त्या लांबलचक डोंगरवाटेवर, रात्रीच्या मुक्कामासाठी अडीचशेहून जास्त शेल्टर (छपराचे साधे निवारे) आहेत, मग नवख्यांना 'तंबू न्याच' असं सांगून मी त्यांच्या पाठीवर उगाच किलोभर ओझं लादते. आणि उंदरांचं लिहून त्यांना घाबरवते.

उंदरांबद्दल तुमचं बरोबर आहे. माझ्या लिहिण्यातून शेल्टर म्हणजे घाणच असा अर्थ निघत होता आणि तो अन्यायकारक आहे. ठिकठिकाणच्या क्लबांचे स्वयंसेवक आपली सुट्टी खर्चून ती छपरं आणि संडास सांभाळतात. उंदीर येतात ते आपण सांडलेल्या खाण्यामागे. शेल्टरच्या आढ्याला दोऱ्या टांगलेल्या असतात, प्रत्येकीत मधोमध पत्र्याचा डबा ओवलेला आणि खाली सॅक अडकवायला काठी. उंदीर दोरीवरून सरसर उतरतो, डब्यावर पोचतो आणि तिथून पुढे त्याला जाता येत नाही. टॉर्च लावून मी किती तरी वेळ हे बघत पडले होते. (खाण्याची पिशवी मात्र तिथेही ठेवायची नाही. अस्वलं आहेत.)

तंबूचं मात्र मला पटलेलं नाही. बहुतेक शेल्टर म्हणजे तीन भिंती, फळ्यांचा ओटा आणि आधी येईल त्याची जागा. ट्रेल ज्यातून जाते त्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात तर परमिट लागतं. पूर्ण ट्रेल सलग चालणाऱ्याने तिथे शेल्टरमध्येच झोपायचं, पण जागा भरली आणि आरक्षण असलेला माणूस आला, तर आपण उठून बाहेर तंबू लावायचा. तंबूच नसेल तर?

एप्रिलमधल्या एका रात्री, पाऊस कोसळत असताना, नऊच्या सुमारास एक मुलगा आमच्या शेल्टरपाशी आला. तंबू नव्हता. सॅकचं बक्कल त्याला उघडेना, बोटं इतकी बधिर झाली होती. ते मी उघडलं. आम्ही आठजण कुशीवर वळलो, भिंतीकडे सरकलो, त्याला गरम सूप दिलं. तासाभराने त्याचं कुडकुडणं थांबलं. त्या रात्री सरकायला जागा होती म्हणून निभावलं. अंग भिजलेलं असेल तर जिवाला धोका व्हायला पाणी गोठण्याइतकी थंडी लागत नाही.

दुसरं, नोरोव्हायरस, म्हणजे उलट्या-जुलाब करणारा, झटकन पसरणारा विषाणू. शेल्टरमध्ये कुणाला उलट्या सुरू झाल्या तर तिथून निघता आलं पाहिजे. हाताला नुसतं सॅनिटायझर लावून तो विषाणू नीट जात नाही, साबण-पाणीच लागतं.

वजनाचीच अडचण असेल तर दोघांत एक तंबू वाटून घ्या किंवा हलका टार्प (दोऱ्यांनी ताणून बांधायचं छपराचं कापड) न्या, माझी काही हरकत नाही. काहीच न नेता निघा, असं मात्र मी लिहिणार नाही. उंदरांची ती ओळ आज रात्रीच बदलते.