तहान नसलेले झाड

माणसाने एक हजार पौर्णिमा पाहिल्या की त्याचे सहस्रचंद्रदर्शन करतात आणि हिशेबाने तो योग साधारण ८० वर्षे १० महिन्यांच्या सुमारास येतो, हे मला आजोबांनीच सांगितले. गिरणीच्या साचेखात्यात जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, म्हणून अख्खी नोकरी काढलेल्या माणसाला तारखेची चूक खपत नाही. भेट काय आणायची, एवढा एकच प्रश्न त्यांनी माझ्यावर सोडला होता. सोलापुरात चादर देण्यात अर्थ नव्हता, कारण आजीच्या लोखंडी कपाटात चादरी आणि टॉवेल अशा दाबून भरलेल्या आहेत की ते उघडताना ती आधी दाराला गुडघा लावते. गोड खाणे दोघांनाही डॉक्टरांनी बंद केलेले होते. शेवटी माझ्या पत्नीने सुचवले की फारशी निगा न मागणारे, घरात ठेवता येईल असे एखादे झाड द्यावे. सूचना दिसायला इतकी निरुपद्रवी होती की मी लगेच होकार दिला.

विजापूर रस्त्यावरच्या एका नर्सरीत जाताना मी आजीला सोबत नेले, ही पहिली चूक. नर्सरीवाला प्रत्येक कुंडीवर हात ठेवून "ह्याला काय करायचंच नाही बघा" असे सांगत होता आणि आजी प्रत्येक कुंडी नापास करत होती. काटे असलेले झाड घरात नको आणि चीक येणारे तर अंगणातही नको, या दोन कलमांखाली निवडुंगाच्या सगळ्या जाती पहिल्या पाच मिनिटांत बाद झाल्या. मनीप्लँट चोरून आणल्याशिवाय लागत नाही, असे तिचे ठाम मत असल्यामुळे त्याचे पैसे मोजणे हाच तिला मूर्खपणा वाटला. चोरायचा झाल्यास शेजारच्या गॅलरीत होताच. मग त्याने काचेच्या भांड्यातला, लाल फीत बांधलेला लकी बांबू पुढे केला.

"बांबू?" आजी म्हणाली. "एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाला? अरे, आपल्यात बांबू कधी आणतात, ठावं हाय का तुला?"

तो खरे तर बांबू नसून ड्रॅसिनाच्या कुळातले झाड आहे, हे मी तिला समजावू लागलो. पण तोवर नर्सरीवाल्यानेच ओशाळून भांडे मागे सारले होते. उंच, पट्ट्यापट्ट्यांच्या पानांचा स्नेक प्लँट आजीला दिसायला आवडला. तो रात्रीही प्राणवायू देतो, हा नर्सरीवाल्याचा दावाही तिने ऐकून घेतला. घरातली झाडे हवा शुद्ध करतात ही ख्याती बरीचशी १९८९ सालच्या नासाच्या प्रयोगांवर उभी आहे आणि ते प्रयोग छोट्या बंद पेट्यांत झाले होते. भवानी पेठेतल्या आजीच्या घराचे दार रात्री दहाशिवाय लागत नाही, म्हणून मी त्या मुद्द्यावर गप्प राहिलो. पण या झाडाला 'सासूची जीभ' असेही म्हणतात, हे नर्सरीवाल्याने हौसेने सांगितले आणि तीन सुनांच्या सासूने ती कुंडी जिथल्या तिथे ठेवली.

उरला झेडझेड प्लँट. मूळचा पूर्व आफ्रिकेतला, गडद हिरवा, प्रत्येक पान मेण लावून पुसल्यासारखे चकचकीत. मातीखाली त्याला बटाट्यासारखे कंद असतात, त्यांत तो पाण्याचा साठा करून ठेवतो, त्यामुळे दोन-तीन आठवडे पाणी नाही मिळाले तरी त्याचे काही बिघडत नाही आणि खिडकीपासून दूरच्या मंद उजेडातही तो तग धरतो. चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या गावासाठी निसर्गाने याहून समजूतदार प्राणी घडवला नसेल, असे मला वाटले. समारंभात मी ती कुंडी आजोबांच्या हाती दिली आणि सोबत मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागदही दिला: 'पंधरा दिवसांतून एकदा, एक पेला पाणी.'

सोलापूरच्या पाण्याचे गणित मात्र मी विसरलो होतो. उजनीचे पाणी नळाला आले की घरातली बॅरले, हंडे, कळश्या आधी रिकाम्या कराव्या लागतात, कारण नवे पाणी आले की जुने शिळे होते. ते मोरीत ओतणे म्हणजे आजीच्या लेखी पाप. म्हणजे ज्या गावात पाणी जपून वापरतात, त्याच गावात दर पाचव्या दिवशी रात्री दोन वाजता प्रत्येक झाडावर बादल्या रित्या होतात. आफ्रिकेतल्या दुष्काळाची तयारी करून आलेले माझे झाड भवानी पेठेत पुरात सापडले.

त्यात आजोबांनी माझा कागद बाजूला ठेवून झाडासाठी मस्टर काढले. वहीत तारखा, पाळी आणि सही. गिरणीचा भोंगा बंद होऊन कैक वर्षे झाली, तरी पहिल्या पाळीला आजोबा उठतात आणि झाडालाही उठवतात. ते अक्कलकोटला गेले तेव्हा शेजारच्या काकांना त्यांनी बदली कामगार नेमले आणि काकांनी नवख्याच्या उत्साहाने ओव्हरटाइम केला. पेला म्हणजे कोणता, हे मी लिहिले नव्हते. आजीने तांब्या धरला.

तीन आठवड्यांनी पाने पिवळी पडली. इथेच या झाडांची खरी अडचण आहे: पाणी कमी पडले तरी पान पिवळे होते आणि जास्त झाले तरी पिवळेच होते. मातीतल्या पोकळ्यांत हवा असते आणि मुळे तीवर जगतात. पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळे गुदमरतात, मग कुजतात आणि कुजलेली मुळे वर पाणी पोहोचवू शकत नाहीत, त्यामुळे चिखलात उभे असलेले झाड तहानेलेच दिसते. मी हे फोनवर सविस्तर सांगितले. आजोबांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "तहानेलं दिसायलंय म्हणतोस ना? मग घालतो."

दुसऱ्या दिवशी आजीचा फोन आला. "तू बटाटे म्हणलास म्हणून उकरून बघितलं. चार हायत. दोन मऊ पडलेत, दोन चांगले हायत. भाजी करू का?"

स्कूटर जुळे सोलापूरहून भवानी पेठेत इतक्या वेगाने मी कधीही नेली नव्हती. त्या झाडात कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि तोंडात गेले तर जीभ, घसा यांची चांगलीच आग होते, एवढे मला वाटेत आठवत होते. पोहोचलो तेव्हा दोन्ही चांगले कंद स्वच्छ धुऊन, जुन्या टॉवेलवर, पंख्याखाली वाळत ठेवलेले होते. एकावर तीन इंचांचा हिरवा कोंब अजून ताठ होता.

मोरीजवळ मला आणखी एक गोष्ट दिसली. रंगाच्या जुन्या डब्यात आजीने कधीतरी अळूचा कंद खोचला होता. शिळे पाणी, भांडी विसळलेले पाणी, तांदूळ धुतलेले पाणी, सगळे त्याच्या वाट्याला जात होते आणि त्याची पाने सुपाएवढी झाली होती. त्याला मस्टर नव्हते, भेट म्हणून कोणी दिलेले नव्हते आणि त्याची पाने देठासकट उपयोगाची होती.

जेवायला अळूवडी होती. निघताना आजीने चार वड्या डब्यात भरल्या आणि दोन कंद कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकले. "हे तू घेऊन जा. तुमी दोघं दिवसभर बाहेर असता, कुणाचं कशाकडं ध्यान नसतंय. तिथं जगंल ते."

ते जगले आहे. कपाटाशेजारच्या कोपऱ्यात त्याला आता पाचवा दांडा फुटला आहे. भवानी पेठेत नळ आला की सकाळी आजोबांचा फोन येतो, मागे वही उलटल्याचा आवाज येतो आणि ते विचारतात, "घातलंस का रे पाणी?"

"घातलं," मी सांगतो, आणि ते तिकडे सही करतात.