पाच मे आणि बुडालेलं मेयोनीज

भाचा ह्यूस्टनला सहावीत आहे. त्याला शाळेत ‘सिंको दे मायो’ या पाच मेच्या मेक्सिकन उत्सवावर दहा ओळी लिहायच्या होत्या. नातवाच्या मदतीला आजी धावली, म्हणजे माझी आई, नाशिकहून, व्हॉट्सअ‍ॅप घेऊन. तिने पाठवलेलं फॉरवर्ड थोडक्यात असं: ‘१९१२ साली टायटॅनिकवर मेक्सिकोसाठी मेयोनीजच्या बारा हजार बरण्या होत्या. जहाजाबरोबर मेयो बुडालं, देशावर शोककळा पसरली, म्हणून सिंको दे मायो. हाच मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन. त्या दिवशी अख्खा देश बंद. बाकी सगळं बिअर कंपन्यांचं खूळ.’

शोक, स्वातंत्र्य आणि बिअर, तिन्ही एकाच दिवशी!

मेयोनीजची गोष्ट मुळात इंग्रजीतला पाचकळ विनोद आहे. इंग्रजीत ‘सिंक’ म्हणजे बुडणं. स्पॅनिशमध्ये सिंको म्हणजे पाच आणि मायो म्हणजे मे महिना. मेयोनीजला तिकडे मायोनेसा म्हणतात. मराठीत येताना विनोद मेला आणि बातमी होऊन उठला. बरं, टायटॅनिक बुडालं १५ एप्रिलच्या पहाटे. सुतक मे महिन्यात कसं? जहाज चाललं होतं न्यूयॉर्कला आणि तिथून २० एप्रिलला इंग्लंडकडे परतणार होतं. मेक्सिको वाटेत कुठेच नाही. आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डेव्हिड हेस-बाउतिस्ता यांनी तिथली जुनी स्पॅनिश वर्तमानपत्रं चाळून दाखवलंय की मेक्सिकोतल्या पुएब्ला शहराजवळ फ्रेंच फौजेवर मिळवलेल्या विजयाची बातमी १८६२ मध्येच कॅलिफोर्नियाच्या खाणवस्त्यांत पोचली, तिथल्या स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांनी बंदुकांचे बार उडवले, आणि पुढे दरवर्षी हा दिवस साजरा होऊ लागला. टायटॅनिकच्या पन्नास वर्षं आधी!

तर झालं होतं ते असं. मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस यांनी १८६१ मध्ये परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले. वसुलीसाठी ब्रिटन, स्पेन आणि फ्रान्सची आरमारं आली. पहिले दोघे बोलणी करून परतले. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याला मात्र हप्त्यांपेक्षा देशच हवा होता. त्याच्या लोरांसे नावाच्या सेनापतीने, सहा हजार सैनिकांच्या जोरावर मी आत्ताच मेक्सिकोचा धनी झालोय, अशा अर्थाचं पत्रही मायदेशी धाडलं. ५ मे १८६२ ला पुएब्लाबाहेरच्या टेकडीवर, लोरेतो आणि ग्वादालुपे या दोन किल्ल्यांसमोर, धनीसाहेबांच्या तोफांनी लांबूनच निम्मा दारूगोळा संपवला. मग पायदळ चढावर सोडलं. दुपारी पाऊस आला, चिखल झाला, चढणारे घसरू लागले. वर इग्नासिओ सारागोसा यांची संख्येने कमी, हत्यारांनी जुनाट अशी फौज होती. फ्रेंच मागे हटले.

स्वातंत्र्यदिन? तो १६ सप्टेंबर. १८१० मध्ये दोलोरेस गावी पाद्री मिगेल इदाल्गो यांनी स्पेनविरुद्ध हाक दिली, तो दिवस. आदल्या रात्री राष्ट्राध्यक्ष वाड्याच्या सज्जातून घंटा वाजवतात. देश बंदचं म्हणाल तर ५ मेला शाळांना सुट्टी असते, एवढं मान्य. बँका चालू. मोठा सोहळा पुएब्लाचा.

राहिली बिअर. इथे मला मुकाट्याने थोडं झुकावं लागतं. अमेरिकेत १९८० नंतर या दिवसाचं जे फुगलेलं रूप दिसतं, त्यात बिअरच्या जाहिरातींचा मोठा हात आहे. पण फुगवणं वेगळं आणि सुरू करणं वेगळं. कॅलिफोर्नियातल्या त्या लोकांसमोर तेव्हा अमेरिकेचं यादवी युद्ध चालू होतं, आणि गुलामी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेबद्दल नेपोलियनला जिव्हाळा होता. त्याचा पराभव त्यांना आपला विजय वाटला. बाटली नंतर आली.

त्या विजयाने युद्ध जिंकलं वगैरे नाही. वर्षभराने फ्रेंचांनी पुएब्ला घेतलंच. सारागोसा ते बघायला नव्हते. सप्टेंबर १८६२ मध्येच ते विषमज्वराने गेले, वय तेहतीस. त्यांचा जन्म टेक्सासातल्या गोलियादचा, तेव्हा तो मुलूख मेक्सिकोत होता. भाच्याच्या घरून गाडीने तीनेक तास. त्याच्या दहा ओळींतली पहिली तीच आहे. आईला सांगितलं, तर म्हणाली, ‘मग बरण्यांचं काय झालं?’