बाँड केला म्हणजे गाडी सुटली?

व्हॉट्सॲपवर सध्या एक सल्ला फिरतोय. कर्ज चालू असलेली गाडी विकायची असेल तर बँकेच्या वाटेला जाऊ नका. शंभरच्या बाँडवर लिहून घ्या, नोटरी करा, मालकी बदलाच्या आरटीओच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करून द्या. पुढचे हप्ते घेणारा भरेल, अपघात झाला तर ज्याच्या ताब्यात गाडी तो बघून घेईल. आणि वर दमदाटी : बँकेत गेलात तर वर्षभर अडकाल.

मेसेज जुनाच असावा. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा करारांना किमान ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. पण बाँड कितीचाही घ्या, तो तुमच्यात आणि घेणाऱ्यात. बँकेची त्यावर सही नाही, आरटीओचा त्याच्याशी संबंध नाही. आरसीवर बँकेचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, आहे तोवर बँकेच्या लेखी संमतीशिवाय मालकी बदलाची नोंद होत नाही, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ मध्ये स्वच्छ लिहिलंय. म्हणजे सह्या केलेले २९ आणि ३० नंबरचे फॉर्म घेणाऱ्याच्या डॅशबोर्डमध्ये पडून राहणार. त्यात फॉर्म कोरे दिले असतील तर गाडी पुढे आणखी कोणाच्या हातात गेली, हे तुम्हाला कळायचंही नाही.

आता 'ताबा ज्याचा, जबाबदारी त्याची'. सगळ्यात घातक वाक्य हेच. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी २००७ मध्ये विकली गेली होती, तिथून ती आणखी काही हात फिरली आणि २००९ मध्ये अपघात झाला. आरसीवर नाव मात्र पहिल्याच मालकाचं. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ ला निकाल दिला : नोंद ज्याच्या नावावर, कायद्याने मालक तोच, भरपाईची जबाबदारीही त्याची. अपघातग्रस्तांनी गाडी कुणाकडून कुणाकडे गेली याचा माग काढत फिरावं, अशी अपेक्षा कोर्टाने ठेवली नाही. त्या गाडीचे व्यवहार झालेच नव्हते असं नाही. नोंद झाली नव्हती.

विमा आहे की, असं कुणी म्हणेल. थर्ड पार्टीचं, म्हणजे अपघातात इतरांच्या नुकसानीचं, संरक्षण विक्रीनंतरही कायद्याने चालू राहतं, हे खरं. पण पॉलिसीची मुदत संपल्यावर नव्या माणसाने ती भरलीच नाही तर? आणि पॉलिसी नावावर करून घेतली नसेल तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा क्लेम त्याला मिळणं कठीण.

हप्त्यांचं तर विचारूच नका. कर्जदार तुम्ही, हप्ता तुमच्या खात्यातून कापला जाणार. दोन महिने पैसे आले नाहीत की बाउन्सचा दंड तुम्हाला, सिबिल तुमचं खराब, वसुलीचे फोनही तुम्हालाच. बँकेला न विचारता गाडी विकणं हा कर्जाच्या कराराचा भंग, ते निराळंच.

राहिलं 'वर्षभर अडकाल'. बँकेकडून फोरक्लोजर लेटर मागवा. त्यात उरलेलं मुद्दल, व्याज, मुदतीआधी फेडण्याचं शुल्क आणि तो आकडा कोणत्या तारखेपर्यंत धरायचा, हे सगळं असतं. समजा गाडी ५ लाखांना ठरली आणि ३ लाख २० हजार बाकी आहेत. घेणाऱ्याला घेऊन शाखेत जा आणि ही रक्कम त्याला थेट कर्जखात्यात भरू द्या, तुमच्या बचत खात्यात नको. पैसे घेऊन तुम्ही कर्ज तसंच ठेवाल, ही त्याची धास्ती तिथेच संपते. उरलेले १ लाख ८० हजार बँकेची एनओसी (हरकत नसल्याचं पत्र) आणि बोजा उतरवण्याचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ आल्यावर. तोवर गाडी तुमच्या दारात. खरं तर बाँडची जागा इथे आहे : एवढी रक्कम गाडी न मिळता भरणाऱ्याच्या हातात काहीतरी कागद हवाच की. घेणारा स्वतः कर्ज काढत असेल तर त्याच्या बँकेने तुमची बाकी थेट फेडण्याची सोय होते का, हे आधी विचारा.

कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत करून बोजा काढा, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्या, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्येच बँकांना सांगितलं. वर्षभर कुठून आलं?

फॉर्म ३५ ने बोजा उतरतो, २९ आणि ३० ने नाव बदलतं. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर १४ दिवसांत आरटीओला कळवणं विकणाऱ्याचं काम आहे. एजंटवर सोडलं तरी पावती स्वतः बघा. चावी देताना तारीख आणि वेळ घातलेल्या डिलिव्हरी नोटवर घेणाऱ्याची सही घ्या, उद्या ई-चलन आलं तर दाखवायला तेवढाच आधार. फास्टॅग बंद करा, नो क्लेम बोनसचं (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचं) पत्र विमा कंपनीकडून मागून घ्या. तो बोनस तुमचा आहे, गाडीबरोबर जात नाही.