मेंढीवरचा कर की लॅटिन प्रार्थना?

"लोकांच्या भाषेत प्रार्थना आणली, म्हणून लोकांनीच बंड केलं. ऐकलंय कधी?" पक्याने ओल्या कट्ट्यावर पेपर अंथरता अंथरता पिल्लू सोडलं. विषय १५४९ सालचा, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाचा.

त्याचं म्हणणं साधं होतं. एडवर्ड सहावा अकरा वर्षांचा पोर, कारभार मामाच्या, म्हणजे सॉमरसेटच्या हातात. लॅटिन मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची जुनी उपासना, बंद; ९ जूनपासून इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचं. दुसऱ्याच दिवशी डेव्हनमधल्या सॅम्पफर्ड कोर्टनीच्या लोकांनी पाद्र्याला गाठलं आणि जुनीच मिस्सा म्हणायला लावली. "धर्माचं बंड. दुसरं काय?"

"आणि मेंढ्या?" सुऱ्या तयारच होता. "त्याच वर्षी मेंढीमागे कर बसवला, लोकरीच्या कापडावरही. डेव्हनचं पोट कशावर चालायचं? धर्म तोंडी लावायला रे."

"मग त्यांच्या मागण्यांत मेंढी कुठाय?" पक्या म्हणाला. खरंच नाही. छापून आलेल्या कलमांत मिस्सा आहे, पवित्र पाणी आहे, इंग्रजी बायबल परत घ्या असंही आहे. नवी प्रार्थना त्यांना नाताळातल्या खेळासारखी वाटत होती. शेजारच्या कॉर्नवॉलचे लोक तर म्हणाले, आमच्यातल्या काहींना इंग्रजीच येत नाही, हे नवं इंग्रजी आम्हाला नकोच. यावर नव्या पुस्तकामागच्या आर्चबिशप क्रॅन्मरने उलट विचारलं, मग लॅटिन जास्त लोकांना कळतं का? बिनतोड वाटतं, पण तो मुद्दा चुकला, असं मला वाटतं. लॅटिन समजायची गरजच नव्हती. ते आजोबांपासून कानावर होतं. इंग्रजी वरून, सरकारी हुकमाने आलं होतं.

इतका वेळ गप्प बसलेले मास्तर म्हणाले, "खालच्या सह्या वाचल्यात का कुणी?"

नव्हत्या वाचल्या. मुख्य कप्तानांत पहिलं नाव हम्फ्री अरुंडेल, कॉर्नवॉलचा खानदानी जमीनदार. त्याच यादीत टॉमस अंडरहिल, हा शिंपी, आणि विल्यम सेगर, मजूर. त्याखाली छावण्यांचे चार कारभारी: दोन पाद्री आणि दोन नगराध्यक्ष.

"म्हणजे जमीनदारानेच उठवलं," पक्या.

"अरे, सुरुवात झाली तेव्हा तो तिथे होता कुठे? पकडल्यावर तर म्हणाला, मला बळेच ओढलं." मास्तरांनी चहा संपवला. "आणि एक कलम बघा. शंभर मार्क (तेव्हाचं चलन) उत्पन्नाच्या जमिनीमागे जमीनदाराने एकच नोकर ठेवावा. हे पाद्र्याला सुचेल का?"

सुऱ्याने टाळीसाठी हात पुढे केला. कुणी दिली नाही. त्याच कागदात मठांच्या जप्त जमिनींपैकी अर्ध्या परत मागितल्या होत्या, म्हणजे पाद्र्यांचा हातही दिसतोच. मला वाटतं, मसुदा पाद्र्यांनी केला आणि शिंप्याने मधेच आपलं एक वाक्य घुसवलं. पुरावा मागू नका.

डेव्हनमधल्या एक्झेटर शहराला बंडखोरांचा पाच आठवडे वेढा पडला. गंमत म्हणजे आतले बरेच कारभारी जुन्या कॅथलिक धर्माकडेच झुकलेले, तरी वेशी उघडल्या नाहीत. वेशीबाहेरच्या सेंट टॉमस चर्चचा पाद्री रॉबर्ट वेल्श बंडखोरांत होता. एक तोफवाला शहर जाळून देतो म्हणाला, तर यानेच अडवलं. सरकारी फौजेच्या लॉर्ड रसेलने ६ ऑगस्टला शहर सोडवलं. जर्मन आणि इटालियन भाडोत्री सैनिकही सरकारच्या बाजूने लढले. पुढे वेल्शला त्याच्याच चर्चच्या मनोऱ्यावर, पूजेच्या वस्त्रांनिशी टांगलं. अरुंडेल १५५० च्या जानेवारीत लंडनच्या टायबर्नला फासावर गेला. मास्तर हे सांगत असताना पक्याने मोबाइल खिशात घातला.

"पण मेंढ्यांचा कर?" सुऱ्या हटेना.

"वर्षाच्या आत रद्द."

"बघा! आणि ते पुस्तक?"

"१५५२ ला सुधारून काढलं," मास्तर म्हणाले, "आधीपेक्षा कडक."